डायलिसिसवर मी जेवायला शिकले

ढेकूण

माझा आजार खाजेपासून सुरू झाला आणि मी त्याचं खापर ढेकणांवर फोडलं.

तेव्हा मी लातुरात राहत होते. एका मोठ्या क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना प्राणिशास्त्र शिकवायचे. क्लासच्या मागच्या गल्लीत एका घराच्या वरच्या मजल्यावर माझी खोली होती आणि आजूबाजूला सगळी मुलामुलींची वसतिगृहं. परभणी, बीड, यवतमाळ, कुठून कुठून पोरं यायची, येताना गाद्या आणायची आणि वर्ष संपलं की त्याच गाद्या पुढच्या पोरांना देऊन जायची. त्यामुळे ढेकूण त्या गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचे होते. पाठ, दंड, पोटऱ्या खाजायला लागल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही.

गादी उन्हात टाकली. पलंगाच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतलं. औषध मारणारा माणूस बोलावला. खाज तशीच. मग म्हटलं, आपण हाच विषय शिकवतो, तर जरा शास्त्रानं जाऊ. ढेकूण माणसाला डोळ्यांनी शोधत नाही. आपण सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि कातडीचा वास, एवढ्यावर तो येतो. म्हणून एका बाटलीत कोमट पाणी, साखर आणि बेकरीतून आणलेलं यीस्ट घातलं, त्यातून हळूहळू तोच वायू सुटतो. शेजारी गरम पाण्याची पिशवी ठेवली. दोन्ही एका परातीत. परातीला बाहेरून फडकं गुंडाळलं, म्हणजे ढेकणाला चढता येईल, आणि आतून टाल्कम पावडर चोळली, म्हणजे घसरून बाहेर पडता येणार नाही. मी स्वतः झोपायला खाली घरमालकिणीकडे गेले.

सकाळी परात स्वच्छ होती. परत एकदा करून पाहिलं, परत स्वच्छ.

घरमालकीण म्हणाली, "मॅडम, ढेकूण न्हाईतच तुमच्या खोलीत. उष्णता झाली असंल तुम्हाला. सब्जा भिजवून खात जा."

मी सब्जा खाल्ला आणि खाजवत राहिले. पाठीवर फणीच्या दातांचे लाल ओरखडे उठले होते. रक्तात साचलेल्या घाणीनंसुद्धा कातडीला खाज सुटते, हे मला माहीत नव्हतं. ज्याला अशी खाज सुटते, ढेकूण सापडत नाहीत आणि पायांवर सूज दिसते, त्यानं गादी उन्हात टाकण्याच्या आधी रक्त तपासून घ्यावं. हे सगळं लिहायचं एक कारण तेही आहे.

डॉक्टरांचा प्रश्न

शिकवताना तोंडाला जस्तासारखी चव यायची. अन्नाचा वास नकोसा झाला. मेसचा डबा उघडला की मळमळायचं. एक दिवस शिक्षकांच्या खोलीत भौतिकशास्त्राचे सर म्हणाले, "मॅडम, तुमचा चेहरा सुजून राहिलाय. आरशात बघितलं का?" मी बघितलं होतं. झोप कमी होते म्हणून तसं होत असेल, असं वाटलं होतं. त्यांनीच आग्रह करून मला तपासायला पाठवलं.

डॉक्टर वयस्क होते. रक्तदाब मोजला, परत मोजला. मग रिपोर्ट समोर ठेवून विचारू लागले.

"घरात कुणाला किडनीचा त्रास? बीपी?"

"माहीत नाही."

"आईला? वडिलांना?"

"भूकंपात गेले दोघं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. लातूरच्या डॉक्टरांना एवढं पुरतं, पुढचं ते विचारत नाहीत. पण मला प्रश्न खरा वाटला आणि बाहेर बाकावर बसल्यावरही तो माझ्या डोक्यात राहिला. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात घर पडलं तेव्हा मी लातुरात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला वसतिगृहात होते आणि दादा नांदेडला नव्यानं नोकरीला लागला होता. आई, आप्पा आणि आजी गेली. आई-आप्पांना म्हातारपणाचे आजार व्हायला वेळच मिळाला नाही. आपल्या रक्तात काय वाहत आलंय हे माणसाला वडीलधाऱ्यांच्या औषधांच्या डब्यांवरून कळतं. माझ्याकडे तसा एकही डबा नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "दोन्ही किडन्या बऱ्याच गेल्यात. डायलिसिस लागेल. एकट्यानं जमायचं नाही. कोण आहे तुम्हाला?"

"नांदेडला भाऊ आहे."

"मग तिकडेच जा."

मी लग्न केलं नव्हतं. वीस वर्षं त्याची उणीव मला भासली नव्हती. त्या दिवशी मात्र खोलीवर येऊन कपड्यांची पिशवी भरताना, हे आता कुणाला सांगायचं, असा प्रश्न पडला. दादाला फोन लावला. तो म्हणाला, "मी येतो घ्यायला. तू जेवलीस का?"

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये तो असंच विचारायचा. तेव्हा मला भूक लागत नव्हती आणि तो खिचडीचे घास करून माझ्या तोंडाजवळ धरायचा. त्याला दुसरं काही बोलता येत नाही, अजूनही.

वरची खोली

दादा पाटबंधारे खात्यात. त्याचा मुलगा पुण्याला नोकरीला, त्यामुळे घरी तो आणि मंगलवहिनी दोघंच. वहिनींचं माहेर उदगीरचं, वडील धान्याचे व्यापारी. घर कडक शाकाहारी आणि देवधर्माचं, आमच्यापेक्षाही सोवळं. त्यांनी वरची खोली मला दिली, धुतलेले पडदे लावले आणि पहिल्या दिवशी माझे पाय दाबून दिले. मला संकोच वाटला. आम्ही इतक्या जवळच्या कधीच नव्हतो.

आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जायचं. गेल्यावर आधी वजन, मग खुर्ची. सुरुवातीला मानेत नळी होती. पुढे डाव्या हाताची शीर धमनीला जोडून घेतली, तिथं हात ठेवला की रक्त सळसळताना लागतं. चार तास रक्त बाहेर जातं, धुतलं जातं, परत येतं. खोली थंड असते म्हणून सगळे गोधड्या पांघरून बसतात. समोर टीव्हीवर मालिका चालू असते आणि कुणी ती बघत नसतं. शेवटच्या तासात पायात असे गोळे येतात की धिप्पाड माणसंही कण्हतात. संपलं की परत वजन, मग घरी येऊन वेळी-अवेळी झोप.

लातूरहून पहिल्या महिन्यात खूप फोन आले. मग क्लासनं हैदराबादहून एक शिक्षक आणले. ते चांगले शिकवतात, असं पोरांनीच मला सांगितलं. फोन कमी झाले, मग बंद झाले. मला त्याचा राग नव्हता. एखादा धडा शिकवून झाला की मीसुद्धा फळा पुसून टाकायचे.

दादानं किडनी द्यायची तयारी दाखवली. तपासण्या झाल्या, त्याला साखर निघाली, डॉक्टरांनी नको म्हटलं. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी वहिनी मला चहा द्यायला वर आल्या. कप ठेवला आणि तिथंच उभ्या राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "शैलाताई, खोटं बोलणार न्हाई. मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून दिवसभर लाज वाटून राहिली."

मी म्हटलं, "तुमच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं." हे खरं होतं, पण त्यानंतर आम्ही एकमेकींशी जरा जपूनच बोलू लागलो.

शहाळं

उन्हाळा वाढला. डायलिसिसवर माणसाला लघवी फारशी होत नाही, त्यामुळे पाणी मोजून प्यावं लागतं. नांदेडच्या मे महिन्यात दिवसाला एवढीशी बाटली, त्यातच चहा, त्यातच औषधं. मी बर्फाचा खडा चोखायचे, लिंबाची फोड जिभेला लावायचे. स्वप्नातसुद्धा तांब्या दिसायचा.

वहिनींना ते बघवत नव्हतं. एका दुपारी त्यांनी शहाळी आणली. "पाणी नको म्हनले डॉक्टर, शहाळ्याला थोडंच नको म्हनले? आजाऱ्याला शहाळंच देतेत." मी प्यायले. दुसऱ्या दिवशीही प्यायले. खायचं-प्यायचं काय ते पहिल्याच दिवशी दवाखान्यात सांगितलं होतं, पण त्या दिवशीचं मला फक्त पंख्याचं पातं आठवतं. पोटॅशियम हा शब्द मी मुलांना शिकवत होते, पण शहाळं आणि पोटॅशियम माझ्या डोक्यात एकत्र आलंच नाही.

तिसऱ्या दिवशी जिना उतरताना पाय गळाले. हात उचलेना. छातीत काहीतरी चुकल्यासारखं होऊ लागलं. दादानं रिक्षात घालून नेलं, ईसीजीची पट्टी काढताच धावपळ झाली आणि लगेच मशीन लावलं. नंतर डायलिसिसच्या डॉक्टरबाई दादाला म्हणाल्या, "अजून थोडा उशीर झाला असता तर हृदय थांबलं असतं. शहाळं, केळं, संत्रं, टोमॅटोचं सार, काही नाही. मीठ जवळजवळ बंद. आणि बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं ना, तेही नाही, त्यात सोडियमऐवजी पोटॅशियमच असतं. भाजी चिरून कोमट पाण्यात भिजवायची, उकडायची, पाणी फेकून द्यायचं."

वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. घरी आल्यावर कुणी त्यांना काही बोललं नाही, हेच चुकलं. कुणीतरी बोलायला हवं होतं. त्या दिवसापासून त्यांनी माझ्यासाठी स्वयंपाक करणं सोडलं. दादाला म्हणाल्या, "माझ्या हातनं काही झालं तर? त्यांचं त्यांना करू द्या, त्यांना कळतंय." वरच्या खोलीबाहेरच्या गॅलरीत ओटा होता. दादानं तिथं गॅस आणि चार भांडी मांडून दिली.

आणि मी खाण्याला घाबरू लागले.

वजन

या भीतीबद्दल लिहायलाच हवं, कारण ती दवाखान्यात कुणाला दिसत नाही. बाहेरून ती शिस्तीसारखी दिसते. मी भाजी दोनदा उकडायचे, तीनदा उकडायचे. तिची चव आणि रंग दोन्ही निघून जायचे आणि ओलं कापड चघळल्यासारखं व्हायचं. डाळ सोडली, कारण डाळीत पोटॅशियम. दूध सोडलं, कारण फॉस्फरस. किडनीच्या माणसानं प्रोटीन कमी खावं, हे डायलिसिस लागायच्या आधी लातुरात सांगितलं होतं, ते मी धरून ठेवलं. उरला पांढरा भात, साबुदाणा आणि ती भाजी. खालून दादाचं आणि वहिनींचं ताट वाजल्याचा आवाज यायचा, फोडणीचा वास यायचा. मी गॅलरीत भिंतीकडे तोंड करून दोन-चार घास गिळायचे. एकट्यानं जेवताना घास किती कमी होत गेले, हे मोजणारं कुणी नव्हतं.

दुपारी सगळं शांत असायचं. भेटायला येणारे दारापाशीच खुर्ची ओढून बसायचे. माझ्या श्वासाला अमोनियाचा वास येत होता, मला तो कळत होता, त्यांनाही कळत असणार. डासांना मात्र काही अडचण नव्हती. नांदेडला डास लई. डासाची मादी लांबून श्वासाच्या मागावर येते, जवळ आल्यावर ऊब आणि घामाचा वास घेते आणि मग बसते. एका दुपारी ती सरळ माझ्याकडे आली आणि मनगटावर बसली. मी तिला बसू दिलं. तिचं पोट लाल होताना बघत राहिले. इतक्या आठवड्यांत माझ्याजवळ स्वतःहून आलेला तो एकच जीव होता आणि मला बरं वाटलं. मग डेंग्यू आठवला आणि मी तिला मारलं. त्यानंतर मी बराच वेळ रडले. डासासाठी रडत नव्हते, एवढं मला कळत होतं.

दवाखान्यात वजनाच्या काट्यावर माझा आकडा सारखाच यायचा, त्यामुळे सगळं ठीक आहे असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही. मग एकदा डायलिसिस चालू असताना शुद्ध हरपली. परत आली तेव्हा डॉक्टरबाई माझा दंड दोन बोटांत धरून बघत होत्या. मांस राहिलंच नव्हतं, नुसती सैल कातडी.

"काय खाता तुम्ही?"

मी सांगितलं. थोड्या अभिमानानं सांगितलं.

त्या बाजूच्या स्टुलावर बसल्या. "मॅडम, तुमचं वजन तेवढंच राहिलं कारण मांस गेलं आणि त्याच्या जागी पाणी भरलं. तुम्ही जीवशास्त्र शिकवता ना? प्रोटीन कमी खायचं ते मशीन लागायच्या आधी. आता दर वेळी मशीन तुमचं प्रोटीन घेऊन जातं. ते परत भरलं नाही तर तुम्ही किडनीनं नाही जाणार, उपासमारीनं जाल."

"मग काय खाऊ?"

"अंडं. पांढरं रोज खा. पनीर थोडं, आणि डाळ मी सांगते तेवढी, पण अंडं हवंच."

मी म्हटलं, "आमच्यात चालत नाही."

"तुमच्यात काय चालतं ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या, "तुमच्यात आता काही चालेनासं होईल, तेवढं मला दिसतंय."

मुनीरभाईंचा डबा

माझ्या शेजारच्या खुर्चीवर मुनीरभाई असायचे. मुदखेडला त्यांचं घड्याळं दुरुस्तीचं दुकान होतं, ते पुढे मुलानं मोबाइलचं केलं. डायलिसिसच्या दिवशी ते आणि त्यांची बायको शाहेदाबी रेल्वेनं यायचे. ते माझ्यापेक्षा कितीतरी जुने पेशंट होते. इतके दिवस आमचं बोलणं 'आज पाणी किती काढतायत' यापुढे गेलं नव्हतं.

डॉक्टरबाई गेल्यावर मुनीरभाई डोळे मिटूनच म्हणाले, "मॅडम, मलाबी असंच झालं होतं. दोन वर्सामागं. भ्या वाटून राहिलं होतं ना, पानी बी आन् खानंबी. मग हिनं ऐकलं न्हाई."

शाहेदाबी पायाशी बसून त्यांची पोटरी चोळत होत्या. त्यांनी मान वर केली. "कायकू डरते बाई? खाए तो बी डर, नई खाए तो बी डर. फिर खाके डरो."

पुढच्या वेळी त्यांनी डब्यात दोन उकडलेली अंडी जास्त आणली. सोलली, पिवळं काढून बाजूला ठेवलं आणि पांढऱ्यावर मिऱ्याची पूड भुरभुरली. मिरपूड चालते, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी वर्षानुवर्षं बेडकाचं पोट फाडून मुलांना दाखवलं होतं आणि अंड्याचा घास तोंडात जात नव्हता.  शाहेदाबींनी स्वतः एक घेतलं आणि माझ्याकडे न बघता खात बसल्या. कुणीतरी शेजारी बसून जेवत होतं. मी गिळलं. 

असे काही आठवडे गेले. मी डब्यातलं खायचे आणि घरी सांगायचे नाही. अंगात थोडी धुगधुगी आली. जिना न थांबता चढता येऊ लागला. पण आठवड्यातून तीनदा खाऊन भागण्यासारखं नव्हतं, रोज हवं होतं, आणि शाहेदाबींवर किती भार टाकायचा? शेवटी मी एका रविवारी खाली गेले आणि दादा-वहिनी दोघं असताना सांगून टाकलं. कुणाच्या हातचं खाते तेही सांगितलं.

दादा म्हणाला, "खाती आहेस ना? बास."

वहिनी उठून आत गेल्या. देवघराचं दार लावल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता इथून निघावं लागणार, आणि लातुरात कुठली खोली मिळेल याचा विचार मी सुरू केला.

दोन दिवसांनी दवाखान्यातून आले तर गॅलरीतल्या ओट्यावर एक नवं लहान पातेलं होतं आणि कागदी खोक्यात अंडी. वहिनी जिन्यातच भेटल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या.

"यांच्याकडून आणवली. वरचं भांडं वरच ठेवा, खाली आणू नका, एवढंच. मला त्याचा वास सहन होत न्हाई."

"बरं."

"आणि शैलाताई, भाजी मी करते उद्यापासून. तुम्ही चव घालवून टाकता पार. एकदा उकडायची म्हनले होते ना डॉक्टर? मी तिथंच होते, मी ऐकलंय. एकदाच उकडायची."

मी जिन्यात कठडा धरून उभी राहिले. त्या त्यांच्या देवापुढं काय बोलल्या, कशी परवानगी मागितली, ते मी कधी विचारलं नाही. त्या आजही अंड्याला हात लावत नाहीत. पण ते खोकं संपलं की नवं आलेलं असतं.

परत फळ्यापुढे

माझं खरं वजन वाढायला कित्येक महिने लागले. खाज कमी झाली, पूर्ण गेली नाही. केस गळायचे थांबले. तोवर नांदेडलाही लातूरसारखेच क्लास उभे राहिले होते, चौकाचौकांत पोरांचे फोटो आणि मार्कांचे फलक. एका क्लासनं डायलिसिस नसलेल्या दिवशी एक तास शिकवाल का, असं विचारलं. मी खुर्चीवर बसून शिकवते. डाव्या हातावरचा, जोडलेल्या शिरेचा जाडजूड उंचवटा झाकत नाही. पहिल्याच दिवशी पोरांना सांगितलं की हा कशाचा आहे.

डासांचा धडा आला तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आजारी माणसाला डास जास्त चावतात का?"

मी म्हटलं, "मलेरिया झालेल्या माणसाचा वास बदलतो आणि डासांना तो जास्त ओढतो, असं अभ्यासातून दिसलंय. किडनीच्या पेशंटचं मला माहीत नाही. मला तरी ते तुमच्याइतकंच चावतात."

वर्ग हसला. मीही हसले. एवढ्या आवाजात माझं हसू मला ओळखू आलं नाही.

एकटेपण गेलं, असं मी लिहिणार नाही. आठवड्यातले तीन दिवस मशीनचे, बाकीचे त्या तीन दिवसांतून सावरण्याचे. लग्नात, बारशाला मी जात नाही, कारण प्रत्येक ताटापुढे मला स्पष्टीकरण द्यावं लागतं. बहुतेक जेवणं वर, एकटीचीच होतात. फक्त आता मी ती पूर्ण करते.

मुदखेड

गेल्या हिवाळ्यात मुनीरभाई गेले. डायलिसिसच्या दिवशी शेजारची खुर्ची रिकामी होती आणि नर्स म्हणाली, "काल गेले ते. घरीच. झोपेत." तासाभरात त्या खुर्चीवर दुसरा पेशंट बसला. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, तो कित्येक दिवस वाट बघत होता.

शाहेदाबींना भेटायला मी दादाबरोबर मुदखेडला गेले. नवरा गेल्यावर पाळायचे इद्दतीचे दिवस होते, त्यांना घराबाहेर पडता येत नव्हतं. दादा बाहेर दुकानात त्यांच्या मुलापाशी बसला. मी आत गेले. त्यांचं अंग निम्मं झालं होतं. माझा हात धरून त्या म्हणाल्या, "खाके जाव बाई. बना हुआ है."

त्यांनी वाढलं. भात, रोटी, भोपळ्याची भाजी. मी घास घेतला. भाजीत मीठ नव्हतं आणि एकदा उकडून पाणी काढलेल्या भाजीची जी चव असते, तीच होती.

"माझ्यासाठी वेगळं कशाला केलंत?" मी विचारलं. "मी येणार हे तुम्हाला माहीतही नव्हतं."

"अलग नई किए. एकीच सालन है." त्या ताटाकडे बघत म्हणाल्या. "हात नई जाता नमक के डब्बे पे. इत्ते साल हुए. अब बी सब्जी उबालके पानी फेक देतूँ मैं."

"मुलगा खातो?"

"उने दुकान में खा लेता."

"आणि तुम्ही?"

 त्यांच्या ताटात रोटीचा तुकडा तसाच होता, भाजीला बोट लागलेलं नव्हतं. त्यांचा दंड बाहीत लोंबत होता. तसा दंड मी ओळखत होते.

मी उठले. फळीवरचे डबे उघडून बघितले, मिठाचा सापडला. त्यांच्या भाजीवर चिमूटभर मीठ टाकलं आणि माझ्याच बोटांनी कालवलं. मग रोटीचा तुकडा त्यात बुडवून त्यांच्या हातात दिला.

"खाओ," मी म्हटलं. माझी दखनी चांगली नाही. "तुम्हाला किडनीचा आजार नाही. तुम्ही मीठ खायचं."

त्यांनी घास तोंडात घातला आणि चावता चावता थांबल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं. मग त्या चावू लागल्या.

बाहेर दादा गाडीची वेळ विचारत होता. मी आतून त्याला थांबायला सांगितलं आणि माझं अळणी ताट पुढं ओढून त्यांच्याबरोबर जेवत बसले.